समाजसेवेची शिक्षा आणि परिवीक्षेचा निसटलेला दुवा

लोकसभेने २० डिसेंबर २०२३ रोजी आणि राज्यसभेने दुसऱ्या दिवशी भारतीय न्याय संहितेला आवाजी मतदानाने मंजुरी दिली, तेव्हा दोन्ही सभागृहांतील एकशे चाळीसहून अधिक विरोधी सदस्य निलंबित होते. उरलेल्या बाकांवर चर्चा झाली ती राजद्रोहाच्या कलमाची, झुंडबळीच्या शिक्षेची आणि वसाहतकालीन वारसा पुसून टाकल्याच्या दाव्याची. शिक्षांच्या यादीत भर पडलेल्या एका शब्दाकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. संहितेच्या चौथ्या कलमात मृत्युदंड, जन्मठेप, कारावास, मालमत्तेची जप्ती आणि दंड यांच्या पाठोपाठ सहावी शिक्षा दाखल झाली : समाजसेवा.

ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. समाजसेवेची शिक्षा तिने सहा अपराधांपुरती ठेवली आहे. लोकसेवकाने बेकायदा व्यापार करणे, उद्घोषणा होऊनही न्यायालयात हजर न राहणे, लोकसेवकाला अडवण्यासाठी आत्महत्येचा प्रयत्न करणे, दारूच्या नशेत सार्वजनिक ठिकाणी गैरवर्तन करणे, अब्रुनुकसानी आणि किरकोळ चोरी, असे ते सहा अपराध होत. सामान्य माणसाच्या दृष्टीने यातला शेवटचा सर्वांत महत्त्वाचा. चोरीच्या मालाची किंमत पाच हजार रुपयांहून कमी असेल, आरोपी प्रथमच दोषी ठरत असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर त्याला समाजसेवेची शिक्षा द्यावी, असे कलम ३०३ मधील परंतुक सांगते. जुन्या दंड संहितेत अशा चोरीलाही तीन वर्षांपर्यंत कारावास होता.

या एका परंतुकात बरेच काही दडले आहे. ज्याचे गेले त्याला ते परत मिळावे, ज्याने नेले त्याने ते आपल्या हाताने परत करावे आणि पहिल्याच चुकीसाठी कोणाच्या कपाळी तुरुंगाचा शिक्का बसू नये, या तिन्ही गोष्टी त्यात आहेत. जगभर ज्याला पुनर्स्थापक न्याय म्हटले जाते, त्याची ही पहिली पायरी म्हणता येईल. पण पुढच्या पायऱ्या कायद्यात नाहीत. चोरी करणारा आणि ज्याची चोरी झाली तो समोरासमोर कधी येणार? समाजसेवा चालू असताना त्या माणसाकडे लक्ष कोण देणार? आणि वर्षभराने तो पुन्हा चोरीकडे वळला की नाही, याचे उत्तर कोणाकडे मागायचे?

समितीने विचारलेला प्रश्न

हे प्रश्न संसदेत विचारलेच गेले नाहीत, असे नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये मांडलेली मूळ विधेयके गृह खात्याशी संलग्न स्थायी समितीकडे गेली होती. ब्रिजलाल यांच्या अध्यक्षतेखालील या समितीने नोव्हेंबरमध्ये अहवाल दिला. समाजसेवेची कल्पना स्वागतार्ह मानूनही, ही सेवा किती काळ आणि कोणत्या स्वरूपाची, हे स्पष्ट करावे आणि तिच्यावर देखरेख ठेवणारी व्यक्ती कायद्याने निश्चित करावी, अशी समितीची शिफारस होती. सरकारने विधेयके मागे घेऊन डिसेंबरमध्ये सुधारित स्वरूपात पुन्हा मांडली, तेव्हा शिफारशीचा पहिला भाग अर्धामुर्धा स्वीकारला गेला. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३ मध्ये व्याख्या आली : न्यायालय शिक्षा म्हणून सांगेल ते, समाजाच्या उपयोगाचे आणि ज्याचा मोबदला मिळणार नाही असे काम म्हणजे समाजसेवा. देखरेख करणारी व्यक्ती मात्र व्याख्येत आली नाही.

समाजसेवेची कल्पना संसदेला नवी नव्हती. १९७८ मध्ये राज्यसभेने संमत केलेल्या दंड संहिता दुरुस्ती विधेयकातही ही शिक्षा होती. १९७९ मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि ते विधेयक व्यपगत झाले. विधि आयोगाने १९९७ च्या अहवालात तिचा पुन्हा विचार केला. बालगुन्हेगारांसाठी तर बाल न्याय कायद्याने समाजसेवेची तरतूद आधीच केली होती. प्रौढांपर्यंत यायला तिला पंचेचाळीस वर्षे लागली. एवढ्या प्रतीक्षेनंतर ती आली, तेव्हा तिला हात धरून चालवणारा माणूस नेमायचा राहून गेला. खरे तर तो माणूस भारतीय कायद्यात १९५८ पासून आहे. त्याचे नाव परिवीक्षा अधिकारी.

१९५८ चा कायदा काय म्हणतो

अपराधी परिवीक्षा अधिनियम हा स्वतंत्र भारताच्या उदार कायद्यांपैकी एक. त्याची मुळे त्याआधीची. मद्रास, मध्य प्रांत व वऱ्हाड आणि मुंबई या प्रांतांनी १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात आपापले परिवीक्षा कायदे केले होते. विदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्र हे दोन्ही भाग त्यामुळे या विचाराशी स्वातंत्र्यापूर्वीच परिचित झाले. १९५८ च्या केंद्रीय कायद्याने तोच विचार देशभर नेला.

या कायद्यानुसार मृत्युदंड किंवा जन्मठेपेची शिक्षा नसलेल्या अपराधात दोषी ठरलेल्या माणसाला न्यायालय तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडू शकते. या मुदतीत तो परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली राहतो. अधिकारी त्याच्या घरची, कामाची, संगतीची चौकशी करून न्यायालयाला गोपनीय अहवाल देतो. अपराधी २१ वर्षांखालील असेल तर त्याला कारावास देण्यापूर्वी न्यायालयाला कारणे नोंदवावी लागतात. सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये रतनलाल प्रकरणात, कोवळ्या वयाच्या अपराध्याला सराईतांच्या संगतीत लोटून पक्का गुन्हेगार बनू द्यायचे नाही, हा या कायद्यामागचा हेतू अधोरेखित केला होता.

दोन कलमे मात्र नेहमी दुर्लक्षित राहतात. कलम ५ नुसार, परिवीक्षेवर सोडताना न्यायालय अपराध्याला पीडिताची नुकसानभरपाई देण्याचा आदेश देऊ शकते. कलम १४ मध्ये परिवीक्षा अधिकाऱ्याची कर्तव्ये दिली आहेत. त्यांत, ही भरपाई देण्याच्या कामी अपराध्याला सल्ला आणि साहाय्य देणे हे एक कर्तव्य आहे. म्हणजेच अपराधी, पीडित आणि त्या दोघांमधला अधिकारी, असा त्रिकोण १९५८ च्या कायद्याने आखून ठेवला होता. व्यवहारात त्यातली एक बाजू, पीडिताची, जवळपास पुसली गेली. अंकुश शिवाजी गायकवाड विरुद्ध महाराष्ट्र राज्य या २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाला, भरपाईच्या प्रश्नाचा प्रत्येक फौजदारी खटल्यात विचार करणे हे न्यायालयांचे कर्तव्य आहे, असे बजावावे लागले, यातच सारे आले.

नोकरदारांच्या जिव्हाळ्याचा एक मुद्दा येथे नोंदवायला हवा. या कायद्याच्या कलम १२ नुसार परिवीक्षेवर सुटलेल्याला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही. त्यामुळे नोकरी सुरक्षित राहते, असा समज सरकारी कार्यालयांत आढळतो. तो चुकीचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये बक्षी राम प्रकरणात, परिवीक्षेमुळे शिक्षा टळली तरी दोषसिद्धी पुसली जात नाही आणि खात्याला शिस्तभंगाची कारवाई करता येते, असे स्पष्ट केले आहे.

पत्ता नसलेल्याचे काय?

परिवीक्षेचा लाभ कोणाला मिळतो, हे ठरवणारी एक अट कलम ४ च्या परंतुकात आहे. अपराध्याचे किंवा त्याच्या जामीनदाराचे न्यायालयाच्या हद्दीत, किंवा बंधपत्राच्या काळात अपराधी जेथे राहणार असेल तेथे, कायमचे राहण्याचे ठिकाण अथवा नियमित कामधंदा असला पाहिजे. अट वाजवी दिसते. माणूस सापडलाच नाही तर देखरेख कोणावर ठेवायची? पण महानगरात पोट भरायला आलेल्या स्थलांतरिताला नेमकी हीच अट अडते. खोलीचे भाडेपत्र नाही, शिधापत्रिका गावाकडची, काम रोजंदारीचे आणि जामीन राहणारा नातलग हजार मैलांवर, अशा माणसासाठी कायद्याचे दार उघडे असूनही उंबरठा उंच राहतो.

एक उदाहरण कल्पून पाहू. सांगली जिल्ह्याच्या खानापूर-आटपाडी भागातील माणसे सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगली आहेत. दिल्लीच्या करोलबागेतही त्यांची दुकाने आहेत. समजा, अशा एका दुकानातल्या एकोणीस वर्षांच्या पोराने चार हजारांची चांदी उचलली. मालक त्याच्याच तालुक्यातला. नव्या कायद्यानुसार पाच हजारांखालील ही चोरी अदखलपात्र आहे. मालक पोलीस ठाण्यात गेला, तर नोंद करून त्याला दंडाधिकाऱ्यांकडे जाण्यास सांगितले जाईल. न्यायालयाचे हेलपाटे नकोत म्हणून बहुतेक मालक ती वाट धरणार नाहीत. ते पोराला हाकलतील, गावी फोन करतील आणि प्रकरण मिटेल. पोरगा दुसऱ्या शहरात दुसऱ्या दुकानात लागेल. चांदी परत मिळाली नाही, चूक कबूल झाली नाही आणि दुसऱ्या मालकाला काही ठाऊक नाही. येथे कायद्यानेही न्याय झाला नाही आणि समेटानेही नाही.

समजा, मालक न्यायालयात गेला. पोरगा दोषी ठरला, चांदीची किंमत भरली आणि त्याला महिनाभर एखाद्या बागेत झाडलोट करण्याची शिक्षा झाली. मालकाचा विश्वास का तुटला, पोराने चांदी का उचलली, गावाकडे पैसे पाठवायची कोणती निकड होती, यांतले काहीच त्या झाडलोटीतून पुढे येत नाही. पोरगा गावी परतणार असेल, तर दिल्लीच्या न्यायालयाला सांगलीच्या परिवीक्षा अधिकाऱ्याशी दुवा जोडावा लागेल. तो दुवा जुळला तर त्याच्यावर कोणाची तरी नजर आणि कोणाचा तरी हात राहील. नाही जुळला, तर पुढच्या चोरीच्या वेळी तो पहिल्यांदा दोषी ठरणारा नसेल आणि या परंतुकाचे दार त्याला बंद झालेले असेल.

एल्मायराची रात्र

अपराधी आणि पीडित यांना समोरासमोर आणण्याची आधुनिक रीत ज्या प्रसंगापासून मोजली जाते, तो एका परिवीक्षा अधिकाऱ्यामुळेच घडला, ही बाब भारतीय धोरणकर्त्यांनी लक्षात घेण्याजोगी आहे. कॅनडाच्या ओंटॅरिओ प्रांतातील एल्मायरा या छोट्या गावात मे १९७४ मध्ये दोन तरुणांनी दारूच्या नशेत एका रात्रीत २२ ठिकाणी नासधूस केली. मोटारींच्या काचा फोडल्या, टायर कापले, घरांची नुकसानी केली. दोघांनी गुन्हा कबूल केला. न्यायालयासाठी अहवाल तयार करणाऱ्या परिवीक्षा अधिकाऱ्याने न्यायाधीशांपुढे एक वेगळीच कल्पना मांडली : या दोघांनी ज्यांचे नुकसान केले, त्यांच्या दारात जाऊन उभे राहावे. न्यायाधीश सुरुवातीला साशंक होते, पण त्यांनी परवानगी दिली.

दोघे तरुण अधिकाऱ्यासोबत घरोघर गेले. कोणाचे किती नुकसान झाले, विम्यातून किती भरले गेले, हे ऐकून घेतले. न्यायालयाने त्यांना दंड केला, १८ महिन्यांच्या परिवीक्षेवर सोडले आणि नुकसान भरून देण्यास सांगितले. काही महिन्यांत ते पुन्हा त्याच दारांवर गेले, भरपाईची रक्कम घेऊन. त्या दोघांपैकी एकाने पुढे आयुष्याच्या उत्तरार्धात याच क्षेत्रात काम केले आणि आपली कहाणी जाहीरपणे सांगितली.

या घटनेत चमत्कार नव्हता. शिक्षा रद्द झाली नव्हती, दंडही चुकला नव्हता. वेगळे झाले ते एवढेच की, परिवीक्षेच्या मुदतीला काही आशय मिळाला. महिन्यातून एकदा कार्यालयात हजेरी लावून सही करणे आणि ज्याची काच फोडली त्याच्या डोळ्यांत पाहून किती पैसे लागले ते विचारणे, या दोन गोष्टींत फार अंतर आहे. न्यूझीलंडने १९८९ मध्ये बालगुन्हेगारांसाठी कुटुंब-बैठकीची पद्धत कायद्यात आणली. इंग्लंडमध्ये २०१४ च्या कायद्याने परिवीक्षेखालील पुनर्वसन-उपक्रमांत पीडिताशी संवाद साधण्याच्या कार्यक्रमांचा स्पष्ट समावेश केला.

पुन्हा अपराध घटतो का?

खरा कस लागतो तो या प्रश्नावर. लॉरेन्स शेरमन आणि हीदर स्ट्रँग या अभ्यासकांच्या गटाने २०१३ मध्ये तीन खंडांतील दहा प्रयोगांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्यांत १,८७९ अपराधी होते. कोणाला बैठकीला बोलवायचे आणि कोणाला नाही, हे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरवले गेले होते, म्हणजे मुळात सुधारण्याजोगी माणसेच निवडली गेली, असा आक्षेप घेता येत नाही. निष्कर्ष संयत आहे. पीडिताशी समोरासमोर बैठक झालेल्यांनी पुढच्या दोन वर्षांत केलेल्या अपराधांचे प्रमाण इतरांपेक्षा थोडे, पण दखल घ्यावी इतके कमी होते, आणि बैठकांवर झालेल्या खर्चाच्या मानाने समाजाची बचत बरीच मोठी होती. पीडितांच्या मनातील सूडाची भावना आणि आघाताची लक्षणेही घटलेली दिसली.

भारताच्या दृष्टीने या संशोधनातील दोन बारकावे महत्त्वाचे आहेत. पहिला असा की, या पद्धतीचा परिणाम मालमत्तेच्या गुन्ह्यांपेक्षा हिंसेच्या गुन्ह्यांत अधिक सातत्याने दिसतो. चोरीत पीडित पुष्कळदा अनोळखी असतो किंवा दुकान-कंपनीसारखा चेहरा नसलेला असतो, हे त्याचे एक कारण असावे. नव्या संहितेने सुरुवात केली आहे ती नेमकी किरकोळ चोरीपासून. म्हणजे जेथे यश मिळवणे तुलनेने कठीण, तेथे आपण कमीत कमी तयारीनिशी उतरलो आहोत. दुसरा असा की, ही पद्धत नेहमीच्या न्यायप्रक्रियेला पर्याय म्हणून वापरण्यापेक्षा तिच्या जोडीने वापरली असता अधिक फळ देते. परिवीक्षेची मुदत ही अशा जोडणीसाठी सर्वांत सोयीची जागा आहे, कारण तेथे न्यायालयाचा धाकही असतो आणि माणूस मोकळाही असतो.

तीन कप्पे, एक किल्ली

पीडित आणि आरोपी यांना एका टेबलाशी बसवण्याची तरतूद भारतीय कायद्यात आहे, हे वकीलवर्गाबाहेर फारसे कोणाला ठाऊक नसते. संसदेने २००५ च्या दुरुस्तीने फौजदारी प्रक्रिया संहितेत प्ली बार्गेनिंगचे प्रकरण घातले. ते ५ जुलै २००६ पासून अमलात आले आणि आता नागरिक सुरक्षा संहितेच्या २३ व्या प्रकरणात आहे. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या अपराधांत आरोपीने स्वेच्छेने अर्ज केल्यास न्यायालय सरकारी वकील, तपास अधिकारी, आरोपी आणि पीडित यांना बैठकीस बोलावते. परस्परांना मान्य तोडगा निघाला तर पीडिताला भरपाई दिली जाते आणि आरोपीला परिवीक्षेवर सोडायचे की नाही, यावर न्यायालय म्हणणे ऐकून घेते. सामाजिक-आर्थिक स्थितीवर परिणाम करणारे अपराध, तसेच स्त्रिया आणि मुलांविरुद्धचे अपराध यातून वगळले आहेत.

या प्रकरणाचे नाव अमेरिकी पद्धतीवरून घेतलेले असले, तरी त्याचा गाभा सौद्याचा नसून बैठकीचा आहे. पण न्यायालयांत ते केवळ शिक्षा कमी करून घेण्याचा मार्ग म्हणून ओळखले गेले. ही बैठक चालवायची कशी, पीडिताला बोलते करायचे कसे, आरोपीला लाज वाटावी पण त्याची अप्रतिष्ठा होऊ नये, हे साधायचे कसे, याचे प्रशिक्षण कोणाचे? सरकारी वकिलाचे ते काम नव्हे, तपास अधिकाऱ्याचेही नव्हे.

अशा रीतीने आपल्याकडे तीन कप्पे तयार झाले आहेत. पहिल्यात १९५८ ची परिवीक्षा, दुसऱ्यात २००६ ची बैठक, तिसऱ्यात २०२४ ची समाजसेवा. पहिल्यात देखरेख आहे पण पीडित नाही. दुसऱ्यात पीडित आहे पण पुढची देखरेख नाही. तिसऱ्यात काम आहे, पण दोन्ही नाहीत. तिन्ही कप्पे उघडू शकेल अशी किल्ली परिवीक्षा अधिकाऱ्याकडे आहे. शिक्षेपूर्वी चौकशी, बैठकीची तयारी, भरपाईचे हप्ते, समाजसेवेची जागा आणि मुदत संपेपर्यंतचा पाठपुरावा, ही सर्व कामे स्वभावतः त्याचीच आहेत.

अडचण अशी की, हा अधिकारी कोणत्या खात्याचा, याचेच उत्तर राज्यागणिक बदलते. तामिळनाडूत परिवीक्षा कारागृह खात्याशी जोडलेली आहे, केरळात सामाजिक न्याय खात्याशी, तर महाराष्ट्रात महिला व बालविकास खात्याशी. पोलीस आणि गृह खाते एका मंत्र्याकडे, परिवीक्षा दुसऱ्याकडे आणि न्यायालये या दोघांपासून स्वतंत्र. बालगुन्हेगारांच्या कामाचा भारही पुष्कळ ठिकाणी याच अधिकाऱ्यावर असतो. केरळने ‘नेर्वळी’ योजनेद्वारे परिवीक्षेला स्वतंत्र ओळख दिली आणि न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांचा १५ नोव्हेंबर हा जन्मदिवस परिवीक्षा दिन म्हणून पाळायला सुरुवात केली. अन्य बहुतेक राज्यांत परिवीक्षा हा खात्याच्या अर्थसंकल्पातील एक उपशीर्ष एवढाच विषय राहिला आहे.

त्यातून हिशेबाचाही प्रश्न निर्माण होतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ अखेर देशातील तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते आणि त्यांपैकी ७५.८ टक्के कच्चे कैदी होते. तुरुंगांची क्षमता कधीच ओलांडली गेली आहे. पण हा वार्षिक हिशेब भिंतींच्या आतील माणसांचा आहे. परिवीक्षेवर सुटून पुन्हा अपराध न केलेला माणूस या तक्त्यांत येत नाही, आणि म्हणूनच ज्या उपायाचे यश कोणी मोजत नाही, त्यासाठी पैसा मागायला कोणी उभे राहत नाही.

समेटाच्या नावाखाली

या कल्पनेला असलेले आक्षेप हलके नाहीत. समेट या शब्दाला आपल्याकडे एक काळी बाजू आहे. जातपंचायतींनी समेटाच्या नावाखाली दंड वसूल केले, कुटुंबे वाळीत टाकली, स्त्रियांना अपमानास्पद दिव्ये करायला लावली. त्याविरुद्धच्या लढ्यातूनच महाराष्ट्राने सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला आणि तो २०१७ मध्ये अमलात आला. बलात्काराच्या खटल्यात तडजोडीला कोणत्याही परिस्थितीत स्थान नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये मदनलाल प्रकरणात बजावले. टेबलाच्या एका बाजूला जमीनमालक आणि दुसऱ्या बाजूला त्याचा मजूर असेल, तर तेथे होणारी ‘परस्परमान्यता’ किती खरी, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथील प्रयोगाने याच धोक्याची चुणूक दाखवली आहे. तेथे पोलिसांनी चालवलेल्या बैठकांनंतर मालमत्तेच्या गुन्ह्यांतील मूळनिवासी मुलांच्या एका छोट्या गटात पुढील अटकांचे प्रमाण घटण्याऐवजी वाढले. ज्या समाजाला पोलिसांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा जाच आहे, त्याला त्याच पोलिसांनी बोलावलेली बैठक न्यायाची वाटत नसावी. भारतात विमुक्त जमातींचा अनुभव याहून वेगळा नाही. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे त्याच्या जागी उभे राहिले. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुकन्या शांता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगांतील जातीय भेदभाव घटनाबाह्य ठरवताना या वर्गीकरणाचीही झाडाझडती घ्यावी लागली. ‘प्रथमच दोषी’ ही नव्या परंतुकातील अट या पार्श्वभूमीवर वाचायला हवी. ज्या वस्तीत पोलिसांची फेरी रोज असते, तेथील तरुणाची पहिली चोरी पकडली जाते. इतरत्र ती न पकडताही जाते.

दुसरा आक्षेप सौम्यतेचा आहे. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंते मृत्युमुखी पडले. अल्पवयीन आरोपीला बाल न्याय मंडळाने जामीन देताना अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली आणि देशभर संतापाची लाट उसळली. ती जामिनाची अट होती, शिक्षा नव्हे. पण लोकांच्या मनात सुधारणावादी न्याय म्हणजे काय, याचे चित्र त्या निबंधाने काही काळासाठी पक्के केले. त्या संतापाचे मर्म शिक्षेच्या तीव्रतेत नव्हते. ज्यांची मुले गेली, त्या आई-वडिलांना त्या आदेशात कोठेही जागा नव्हती, हे ते मर्म होते. पीडिताला वगळून दाखवलेली दया ही त्याला दुसरा अन्यायच वाटते.

म्हणूनच आक्षेपांचे उत्तर ही वाट सोडण्यात नसून तिला कुंपण घालण्यात आहे. बैठक न्यायालयाच्या आदेशाने आणि नोंदीत व्हावी, पीडिताला नकार देण्याचा पूर्ण अधिकार असावा, लैंगिक आणि जातीय अत्याचार तिच्या बाहेर राहावेत, बैठक पोलिसांनी नव्हे तर प्रशिक्षित परिवीक्षा अधिकाऱ्याने चालवावी आणि पत्ता नसलेल्या स्थलांतरितासाठी मालक, कामगार संघटना किंवा मान्यताप्राप्त संस्थेची हमी पुरेशी मानावी. यासाठी नवा कायदा करण्याची गरज नाही. १९५८ च्या अधिनियमाखाली नियम करण्याचा अधिकार राज्यांना आहे. समाजसेवेच्या अंमलबजावणीसाठी काही राज्यांनी मार्गदर्शक सूचना तयार केल्या आहेत. त्यांत रुग्णालये, उद्याने आणि ग्रंथालये यांच्या याद्यांबरोबर परिवीक्षा अधिकाऱ्याचे आणि पीडिताचे नाव आले, तर चित्र पालटू शकेल.

स्थायी समितीने विचारलेला प्रश्न, ‘देखरेख कोण करणार?’, संसदेच्या पटलावर उत्तराविना राहिला आहे. तो पुन्हा विचारण्याची संधी खासदारांना प्रत्येक अधिवेशनात असते. किती जणांना समाजसेवेची शिक्षा झाली, एवढेच विचारून भागणार नाही. त्यांपैकी किती जणांनी नेलेली वस्तू स्वतःच्या हाताने परत केली, किती पीडितांचे म्हणणे ऐकले गेले आणि दोन वर्षांनी किती जण पुन्हा न्यायालयात उभे राहिले, हे विचारावे लागेल. करोलबागेतल्या त्या पोराचे पुढे काय होणार, हे पहिल्या चोरीच्या शिक्षेवर जितके अवलंबून आहे, त्याहून अधिक ते त्या शिक्षेच्या काळात त्याच्या दाराशी कोण येते, यावर अवलंबून आहे. कायद्याने त्याला तुरुंगाबाहेर ठेवले, हे चांगलेच झाले. बाहेर त्याची वाट पाहणारा माणूस नेमणे मात्र अद्याप बाकी आहे.